जुन्या जर्मन लष्करी रायफलींचा संग्रह आणि ‘मूळ प्रती’चा मोह

१

जुन्या शस्त्रांचा संग्रह ही गोष्ट आपल्या विद्यापीठीय वर्तुळात बहुधा हौसेच्या सदरात जमा धरली जाते. नाणी, ताम्रपट, हस्तलिखिते यांचा संग्राहक हा इतिहाससंशोधकाचा सहकारी समजला जातो. लष्करी रायफलींचा संग्राहक मात्र शिकारी आणि दुकानदार यांच्या मधला कोणी तरी. हा समज सर्वस्वी निराधार नसला तरी अन्याय्य आहे. जर्मन लष्करी रायफलींच्या बाबतीत तर तो विशेषच अन्याय्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत जर्मन सैन्याने वापरलेल्या रायफलींवरील ठसे, क्रमांक आणि संकेताक्षरे यांचे जे वर्गीकरण आज उपलब्ध आहे, ते बहुतांशी संग्राहकांनीच घडविले आहे. लुडविग ओल्सन यांचा ‘माउझर बोल्ट रायफल्स’ किंवा रिचर्ड लॉ यांचा ‘बॅकबोन ऑफ द वेहरमाख्ट’ (१९९१) यांसारखे ग्रंथ हे या परिश्रमाचे फळ होय.

असे असूनही या वाङ्मयाची चिकित्सा फारशी कोणी केलेली नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच मर्यादित आहे. संग्राहक ज्या एका मूल्यावर आपली सगळी पारख उभारतो, ते ‘मूळ अवस्था’ हे मूल्य तपासून पाहावयाचे, आणि त्या मूल्यामुळे रायफल या साधनाचा कोणता भाग वाचला जातो व कोणता वाचावयाचा राहून जातो, हे दाखवावयाचे.

२

प्रथम संग्राहकाची वाचनपद्धती समजून घेतली पाहिजे. जुन्या पोथीच्या शेवटी लेखकाचे नाव, स्थळ व शक सांगणारी पुष्पिका असते. जर्मन रायफलीची पुष्पिका तिच्या सर्वांगावर विखुरलेली असते. नळी जिच्यात बसविलेली असते त्या पोलादी भागाला रिसीव्हर म्हणतात. त्यावर कारखान्याचे नाव आणि निर्मितीचे वर्ष असते. रायफलीचा पूर्ण क्रमांक मुख्य भागांवर, तर त्याचे शेवटचे दोन अंक लहानसहान सुट्या भागांवर, अगदी स्क्रूच्या डोक्यावरही कोरलेले आढळतात. बहुतेक कारखान्यांत क्रमांक दहा हजारांपर्यंत गेला की पुन्हा एकापासून आरंभ होई आणि क्रमांकाखाली वर्णमालेतील एक अक्षर जोडले जाई. याखेरीज तपासनिसांचे ठसे असतात. साम्राज्यकाळात मुकुटाखाली एक अक्षर, तर नाझी काळात गरुड आणि त्याखाली अंक, अशी त्यांची धाटणी आहे. जुन्या रायफलींच्या दस्त्यावरील पोलादी पट्टीवर पुष्कळदा पलटणीचा क्रमांक, कंपनीचा क्रमांक आणि त्या कंपनीतील शस्त्राचा क्रमांक असे तिन्ही सापडतात. म्हणजे अमुक रायफल अमुक पलटणीच्या पाचव्या कंपनीतील तेविसावी होती, इतक्या बारकाव्याने तिची ओळख पटू शकते.

आता संग्राहकाचा सिद्धान्त असा, की ज्या रायफलीवरील सर्व क्रमांक परस्परांशी जुळतात ती श्रेष्ठ. कारखान्यातून ती जशी बाहेर पडली, तशीच ती आज आपल्यासमोर आहे, असे तो धरून चालतो. एखादा बोल्ट बदललेला असला, दस्ता दुसरा असला किंवा नंतरच्या कोणी नवा ठसा मारला असला, तर तिची किंमत उतरते. बाजारातील भावाचा फरक इतका मोठा असतो की, बेजोड भागांवरील क्रमांक घासून तेथे जुळणारे क्रमांक नव्याने कोरण्याचा एक वेगळा धंदाच निर्माण झाला आहे. जे मूल्य सत्याची कसोटी म्हणून स्वीकारले, तेच बनावटीला उत्तेजन देऊ लागले, हा या सिद्धान्तावरील पहिला आक्षेप होय. परंतु तो बाह्य आक्षेप आहे. खरी अडचण याहून खोल आहे.

३

‘मूळ’ म्हणून आपण ज्याच्याकडे जातो ते मूळ नेहमी खरेच बोलते असे नाही. योहान निकोलाउस ड्रायझे याने सिद्ध केलेली सुईबंदूक प्रशियाने १८४१ मध्ये स्वीकारली. मागून, म्हणजे नळीच्या बुडाकडून, भरावयाची ही सैनिकी बंदूक त्या काळी क्रांतिकारक होती. तिचे रहस्य फुटू नये म्हणून तिला अधिकृत नाव देण्यात आले ते ‘हलकी आघातबंदूक, नमुना १८४१’ असे. सुईचा त्यात उल्लेख नाही आणि मागून भरण्याचाही नाही. खरे नाव रूढ होण्यास १८५५ साल उजाडावे लागले. पुढे १८६६ मध्ये क्योनिगग्रेट्झच्या रणांगणावर ऑस्ट्रियाच्या सैन्याला या बंदुकीचा प्रत्यय आला. तात्पर्य, या रायफलींच्या परंपरेतील पहिलेच नाव हे फसविण्यासाठी ठेवलेले नाव आहे.

जे नाव राज्यसंस्थेने लपविण्यासाठी ठेवले नाही, ते बाजाराने गैरसमजाने ठेवले. १८७१ ची एकेरी बाराची, ११ मिलिमीटर व्यासाची रायफल ही ओबर्नडोर्फ येथील विल्हेल्म आणि पाउल माउझर या बंधूंची. १८८४ मध्ये तिलाच नळीखाली आठ काडतुसांची नळकांडी जोडण्यात आली. पण १८८६ मध्ये फ्रान्सने निर्धूम दारूची लेबेल रायफल आणली आणि या दोन्ही जर्मन रायफली एका रात्रीत जुनाट ठरल्या. घाईने उत्तर शोधण्याचे काम स्पांडाउ येथील रायफल-परीक्षण आयोगाकडे आले. त्यातून जी ‘गेवेर ८८’ निघाली, तिच्या रचनेत माउझरचा काही अंश असला, तरी पाच काडतुसांच्या क्लिपाची पद्धत मानलिखरच्या धर्तीची होती आणि रायफल म्हणून ती माउझरची नव्हे. तरीही विक्रेत्यांच्या याद्यांतून ती आजही ‘कमिशन माउझर’ या नावाने वावरते. प्रसिद्ध नावाला भाव येतो, एवढाच या नामकरणाचा आधार.

‘पुरातन’ हा शब्दही असाच तपासून घ्यावा लागतो. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ मध्ये किंवा त्यापूर्वी तयार झालेले शस्त्र पुरातन ठरते, आणि तेथे रिसीव्हरचे साल निर्णायक मानतात. जर्मनीच्या कायद्यात आघातटोपीवर चालणाऱ्या एकबारी बंदुकींच्या बाबतीत नमुना १ जानेवारी १८७१ पूर्वीचा आहे काय, हे पाहिले जाते. आपल्याकडील १९५९ च्या शस्त्र अधिनियमात सवलत आहे ती कालबाह्य नमुन्याच्या किंवा पुरातन मूल्याच्या, परंतु दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्राला. एक कायदा निर्मितीचे साल पाहतो, दुसरा नमुन्याचे, तिसरा ते शस्त्र आज काय करू शकते ते. माउझरची सर्वांत प्रसिद्ध रायफल, ‘गेवेर ९८’, एप्रिल १८९८ मध्ये स्वीकारली गेली. म्हणजे अमेरिकन कायद्याची रेषा नेमकी तिच्या जन्माशी येऊन ठेपते. ज्या संग्राहकाला ‘पुरातन’ हा वस्तूचा अंगभूत गुण वाटतो, त्याने ध्यानात ठेवावे की तो विधिमंडळाचा निर्णय आहे.

४

नावे अशी अविश्वसनीय असतील, तर विश्वास ठेवावयाचा कशावर? माझ्या मते, ज्यांना संग्राहक दोष मानतो त्या नंतरच्या फेरफारांवर. संहितेच्या परिभाषेत बोलावयाचे तर, प्रक्षेपांवर.

‘गेवेर ८८’चेच उदाहरण घेऊ. घाईत सिद्ध झालेल्या या रायफलीत दोष होते. नळ्या फुटण्याचे प्रकार घडले. काडतुसांतही उणिवा होत्या. याच सुमारास, १८९२ मध्ये, हेर्मान आल्वार्ट नावाच्या यहुदीद्वेष्ट्या चळवळ्याने ‘यहुदी बंदुका’ या अर्थाच्या शीर्षकाची पत्रिका प्रसिद्ध करून असा आरोप केला की, बर्लिनच्या लुडविग ल्योव्हे कंपनीने जाणूनबुजून सदोष रायफली पुरविल्या. ल्योव्हे हे यहुदी घराणे होते आणि सैन्याच्या या रायफलींचा फार मोठा भाग त्यांच्या कारखान्यात तयार झाला होता. न्यायालयाने आल्वार्टला पाच महिन्यांच्या कारावासाची शिक्षा दिली. पण त्याच वर्षी मतदारांनी त्याला राइशस्टागवर निवडूनही पाठविले.

आता रायफली काय सांगतात ते पाहू. पुढे नळीतील खाचा अधिक खोल करण्यात आल्या आणि तसे दर्शविणारा ‘झेड’ हा ठसा उमटविण्यात आला. त्यानंतर टोकदार गोळीचे नवे काडतूस आले. जुनी गोळी सुमारे ८.१ मिलिमीटर व्यासाची, तर नवी सुमारे ८.२ मिलिमीटर, म्हणून ते काडतूस चालणाऱ्या रायफलींवर ‘एस’ हा ठसा आला. १९०५ च्या फेरफारात काडतुसे भरण्याची पद्धतच बदलली. हे ठसे स्पांडाउ, डान्झिग, एरफुर्ट येथील सरकारी शस्त्रशाळांच्या रायफलींवर आढळतात आणि ल्योव्हेच्या रायफलींवरही. म्हणजे दुरुस्ती ज्याची करावी लागली तो नमुना होता, कोणा एका कारखान्याचे काम नव्हे. आल्वार्टच्या आरोपाला न्यायालयाने दिलेले उत्तर कागदावर आहे. रायफलींनी दिलेले उत्तर पोलादावर आहे. परंतु ‘झेड’ आणि ‘एस’ हे ठसे नसलेली, अस्पर्शित ‘गेवेर ८८’ हेच ज्याचे परम साध्य, त्या संग्राहकाला हे दुसरे उत्तर वाचण्याचे कारणच पडत नाही.

हीच गोष्ट देशांतर केलेल्या रायफलींची. पहिल्या महायुद्धात जर्मनीने आपल्या उस्मानी मित्राला ‘गेवेर ८८’ पुरविल्या. त्यांपैकी पुष्कळांवर पुढे तुर्की प्रजासत्ताकाच्या काळातील ठसे चढले. त्याआधीही, १८८७ च्या करारापासून, ओबर्नडोर्फचा कारखाना उस्मानी सैन्यासाठी रायफली घडवीत होता. माउझरने पुढे काही सुधारणा केली तर ती आपल्याला मिळालीच पाहिजे, असे कलम त्या करारात सुलतानाच्या प्रतिनिधींनी घातले होते. त्यामुळे १८८७, १८९० आणि १८९३ चे नमुने एकामागून एक इस्तंबूलला गेले. त्यांच्यावर जर्मन कारखान्याचे नाव अरबी लिपीत आहे आणि साल उस्मानी कालगणनेचे.

या उस्मानी माउझर रायफलींचा महाराष्ट्राशी एक अनपेक्षित, परंतु खरा संबंध आहे. १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या भारतीय सेनाविभागाचे नावच सहावा (पुणे) डिव्हिजन असे होते. त्याच्या तीन ब्रिगेडांना पुणे, अहमदनगर आणि बेळगाव अशी नावे होती, आणि त्यांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी या सैन्याने शरणागती पत्करली. त्यांच्यासमोरच्या उस्मानी पायदळाच्या हातात मुख्यतः होत्या त्या याच जर्मन बनावटीच्या माउझर. नेकार नदीच्या काठी घडलेले शस्त्र तैग्रिसच्या काठी मराठी शेतकऱ्याच्या मुलावर रोखले गेले. संग्राहकाच्या यादीत मात्र अशा रायफलीची नोंद ‘परदेशी करारातील नमुना, दस्ता झिजलेला’ एवढीच असते. दस्ता कोठे आणि कशाने झिजला, हा प्रश्न यादीच्या रकान्यात बसत नाही.

५

या आक्षेपाची सर्वांत कठोर कसोटी लागते ती नाझी काळातील रायफलींच्या बाबतीत. १९१९ च्या व्हर्सायच्या तहानंतर जर्मन सैन्य एक लाखावर आणण्यात आले. सैन्याकडे अधिकृतपणे राहिलेल्या शस्त्रांवर ‘१९२०’ हा ठसा मारण्यात आला. जुन्या सालाच्या जोडीला हे दुसरे साल दिसते, म्हणून संग्राहक अशा रायफलीला ‘दुहेरी सालाची’ म्हणतात. या मर्यादित सैन्याला शस्त्रे पुरविण्याचा अधिकृत मक्ता मिळाला तो झूल गावच्या सिमसन कंपनीला. सिमसन हेही यहुदी घराणे. नाझी सत्तेवर आल्यावर थ्युरिंगियाचा पक्षप्रमुख फ्रिट्झ झाउकेल याने हा कारखाना त्यांच्याकडून बळकावला. कुटुंबाला देश सोडावा लागला. १९३६ नंतरच्या रायफलींवर ‘सिमसन’च्या जागी ‘बीएसडब्ल्यू’ ही नवी अक्षरे येतात. पुढे हा कारखाना गुस्टलॉफ या नावाच्या नाझी प्रतिष्ठानात विलीन झाला. याच प्रतिष्ठानाच्या वायमार येथील कारखान्याचे संकेताक्षर ‘बीसीडी’. १९४३ पासून या कारखान्याची एक शाखा बुखेनवाल्ड छळछावणीला लागून चालविली गेली, आणि तेथे सैन्याच्या ‘काराबिनर ९८-के’ या रायफलीचे काम बंदिवानांकडून करवून घेण्यात आले. २४ ऑगस्ट १९४४ रोजी त्या शाखेवर बाँबहल्ला झाला आणि त्यात बंदिवानही मारले गेले. झाउकेल याला न्यूरेंबर्गच्या निकालानुसार १९४६ मध्ये फाशी झाली. त्याच्यावरील मुख्य आरोप होता तो लक्षावधी परकीयांना सक्तीने श्रमाला जुंपल्याचा. ऑस्ट्रियातील श्टायर कारखान्याची गोष्ट वेगळी नाही. त्याच्या ‘बीएनझेड’ या संकेताक्षरामागे माउटहाउझेन-गुझेनच्या छावणीतील बंदिवानांचे श्रम आहेत.

ही संकेताक्षरे कारखान्यांची ओळख शत्रूपासून लपविण्यासाठी होती. संग्राहकांनी ती उलगडली, हे त्यांचे मोठे काम. पण उलगडून ते थांबले कोठे? बहुतेक ग्रंथांत ‘बीसीडी’ म्हणजे ‘गुस्टलॉफ, वायमार’ येथवर येऊन वाक्य संपते. त्यापुढे चर्चा असते ती १९४४ नंतर भागांचे घडकाम कसे ओबडधोबड झाले, पट्ट्या यंत्राने कापण्याऐवजी ठोकून कशा बनविल्या, याची. घडकामाची निकृष्टता नोंदली जाते. ती घडविणाऱ्या हातांची स्थिती नोंदली जात नाही.

आणखी एक उदाहरण अधिक बोलके आहे. पूर्व आघाडीवर सोव्हिएत सैन्याने लक्षावधी जर्मन रायफली हस्तगत केल्या. युद्धानंतर त्या सुट्या करून साफ केल्या, भागांची सरमिसळ झाली, बोल्टांवर रिसीव्हरचा क्रमांक विजेच्या लेखणीने कोरला गेला आणि काहींवरील स्वस्तिकाचे चिन्ह ठोकून बुजविण्यात आले. १९९१ नंतर या रायफली गोदामांतून पाश्चात्त्य बाजारात आल्या. तेथे त्यांचा दर्जा ठरला तो कनिष्ठ. चिन्ह शाबूत असेल तर भाव अधिक, बुजविलेले असेल तर कमी. हा केवळ बाजाराचा व्यवहार आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. ज्यांच्यावर आक्रमण झाले, त्यांनी जिंकल्यावर त्या चिन्हावर घातलेला घाव हा ‘नुकसान’ या सदरात लिहिला जातो, आणि आक्रमकाने मारलेला ठसा ‘मूळ’ या सदरात. ‘मूळ अवस्था’ हे मूल्य तटस्थ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या एका नोंदीचा विचार करावा. १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियामार्गे इस्रायलला गेलेल्या काही रायफलींवर तर जर्मन गरुडाच्या सोबतीला दाविदाचा तारा उमटलेला आहे. अशी रायफल जुळत्या क्रमांकांची नसेल. पण तिच्याइतके बोलणारी दुसरी कोणती?

६

यावर संग्राहकाच्या बाजूने दोन उत्तरे संभवतात. पहिले असे, की आम्ही वस्तू जतन करतो. न्याय-अन्यायाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. दुसरे असे, की आमच्या किरकोळ वाटणाऱ्या नोंदी नसत्या, तर ‘बीसीडी’ कोण हे तुम्हांला तरी कोठून कळले असते? यांपैकी दुसरे उत्तर पूर्णपणे मान्य केले पाहिजे. स्क्रूच्या डोक्यावरील दोन अंक टिपणाऱ्या चिकाटीवाचून वरील एकही विधान करता आले नसते. परंतु या उत्तरानेच पहिले उत्तर कमकुवत होते. नोंद ही जर ज्ञानासाठी आहे, तर ती अर्ध्यावर तोडण्याचा अधिकार नोंद करणाऱ्याला नाही. निवाडा करू नये हे ठीक. पण साक्षीदाराची अर्धी जबानी लिहून घेणे ही तटस्थता नव्हे.

या बाबतीत आपल्याकडील एका मोठ्या कार्याचा दाखला उपयुक्त ठरावा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. वि. स. सुकथनकरांसारख्या संपादकांनी ज्या ओळी संहितेबाहेर काढल्या, त्या फेकून दिल्या नाहीत. त्या तळटीपांत आणि परिशिष्टांत आस्थेने नोंदल्या. संहिता कोणती हे ठरविणे आणि शतकानुशतके लोकांनी तिच्यात काय घातले हे जपणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच ग्रंथात केली. रायफलींच्या संग्राहकाने पहिले काम उत्तम केले आहे. दुसरे त्याला दोषदुरुस्ती वाटते, म्हणून ते तो टाळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे जुळते क्रमांक पुन्हा कोरून ते पुसून टाकतो. असे पुसणे हा संपादकाने आपल्या हातातील पोथी खरवडण्याचा प्रकार आहे.

म्हणून संग्रहालयांच्या आणि खासगी संग्रहांच्या सूचीत निदान एवढा बदल व्हावा, अशी अपेक्षा करणे गैर ठरणार नाही: प्रत्येक रायफलीच्या वर्णनात कारखाना, साल आणि क्रमांक यांच्या बरोबरीने नंतरचा प्रत्येक ठसा, प्रत्येक बदललेला भाग आणि प्रत्येक बुजविलेले चिन्ह, हे ‘उणिवा’ या मथळ्याखाली न देता कालक्रमाने द्यावे, आणि निर्मितीचे साल १९४३ किंवा १९४४ असेल, तर कारखान्याच्या नावाशी तेथील श्रम कोणाचे होते हेही लिहावे. यासाठी नवे संशोधन फारसे लागणार नाही. बुखेनवाल्ड आणि माउटहाउझेन येथील स्मारकसंस्थांनी या श्रमाविषयी पुष्कळ साधने प्रकाशात आणली आहेत. संकेताक्षरांचे कोष्टक संग्राहकांजवळ आहे. ही दोन कपाटे आजवर वेगवेगळ्या दालनांत राहिली, इतकेच.

‘बीसीडी’ ही तीन अक्षरे असलेली एखादी काराबिनर, तिच्यावर सोव्हिएत लेखणीने कोरलेला क्रमांक, ठोकून बुजविलेले चिन्ह आणि जुळत नसलेला बोल्ट, असे शस्त्र एखाद्या विक्रेत्याच्या यादीत अखेरच्या पानावर, सर्वांत कमी भावाने दिलेले असते. इतिहासाच्या अभ्यासकाला निवड करावयाची झाली, तर त्याने ते पान आधी उघडावे.